२००२ ची सिटी व्हीटेक : बीडमधल्या कामाच्या नोंदी

जुनी व्हीटेक घेऊन बसलेले आपल्याकडे अजून बरेच जण आहेत, लातूर-नांदेडला तर मीच चारपाच ओळखतो, त्यांच्यासाठी लिहून ठेवायलोय. किती पैसे गेले, कुठं अक्कल कमी पडली, सगळं जसंच्या तसं. मी मेकॅनिक नाही, बियाणं-खताचं दुकान आहे, गाडीचं काम रविवारी.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी लातूरहून आणली. २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, मीटरवर १,३४,०००, पण क्लच पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय त्यामुळे मी मनात दोन लाख धरलेत. सव्वा लाख सांगितले होते, ९२ हजारात जमलं. कागद आधी बघितले, पंधरा वर्षं २०१७ ला संपली, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण झालेलं, २०२७ पर्यंत आरसी चालू आहे. हे नसतं तर मी गाडीला हातच लावला नसता.

आता कुणी म्हणेल ही कसली स्पोर्ट्स कार, चार दरवाजे आणि डिकी. बरोबर आहे. पण १४९३ सीसीत १०६ पीएस, वजन टनाच्या आसपास, आणि पाच हजार आरपीएमच्या पुढे इंजिनचा जो सूर बदलतो (व्हीटेक म्हणजे तेच, वरच्या वेगाला व्हॉल्व्ह उघडायला वेगळा, मोठा कॅम लागतो) तो कॉलेजात असताना एकदा ऐकला होता, तेव्हापासून डोक्यात होतं. २००३ ला डॉल्फिन शेपची सिटी आली आणि हे इंजिन गेलं ते गेलंच.

(तो सूर काही येताना ऐकू आला नाही. पाच हजारावर गाडी नुसती गुरगुरते, पुढे काहीच नाही. बघू.)

अंबाजोगाई सोडून केजच्या अलीकडे काटा वर चढला. थांबलो, पाऊणएक तास बॉनेट उघडं ठेवलं, हॉटेलवाल्या मामांनी घागरभर बोअरचं पाणी दिलं, तेच ओतलं. दुसरा इलाजच नव्हता. नंतर मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक पेडल स्पंजासारखं व्हायला लागलं, दुसऱ्या गिअरवर उतरलो. घरी आल्यावर अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "एवढ्यात चांगली म्हैस आली असती."

१६ फेब्रुवारी

हे आधीच सांगून टाकतो, लाज वाटते म्हणून लपवणार नाही. गाडी गरम होते, ब्रेक लागत नाही, आणि मी सगळ्यात आधी मागवलं काय, तर हवेचा लाल, उघडा कोन फिल्टर (२,८००) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर (६,५००). व्हिडिओ बघून. बसवायला दोन तास लागले. आवाज जोरात. बायको गेटवर येऊन म्हणाली, "अहो, ट्रॅक्टर घेतलाय का आता?"

१ मार्च

कोन फिल्टर काढला. एक तर तो रेडिएटरच्या मागंच उघडा बसतो म्हणजे इंजिनच्या गरम हवेतच श्वास घेणार. आणि आपल्याकडची धूळ. पाटोद्याला एकदाच जाऊन आलो, फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप काढून आतून बोट फिरवलं तर बोटावर टाल्कम पावडरसारखी बारीक माती आली. म्हणजे फिल्टरच्या आरपार. हीच माती पुढे पिस्टन-सिलिंडरमध्ये जाते. कंपनीचा डबा माळ्यावर टाकला होता तो परत बसवला, आत साधा कागदी फिल्टर, ३५० रुपये. गाडी खालच्या आरपीएमला उलट चांगली ओढायला लागली. सायलेन्सर अजून आहे, विकायला काढलाय.

२ ते १६ मार्च

रमजान सुरू झाला, उस्ताद दुपारी चारला गॅरेज बंद करतात, त्यामुळे काम हळू. पण कूलिंगचं बरंचसं मी घरीच केलं.

रेडिएटर खाली घेतला तेव्हाच कळलं. होस ओढल्यावर तोंडाशी पांढरट पिवळा थर, घरात बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला येतो अगदी तोच. वीस वर्षं कुणी ना कुणी बोअरचंच पाणी ओतलेलं (शेवटची घागर माझी). रेडिएटरवाला म्हणाला रॉड मारून देतो ८०० रुपयात, पण वरची-खालची टाकी प्लास्टिकची, ती उघडून परत दाबली की गळण्याची हमी तो देईना. पुण्याहून नाना पेठेतून नवा मागवला, ४,८०० अधिक पार्सल.

थर्मोस्टॅटची (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) जागा उघडली तर आत थर्मोस्टॅटच नाही! "गाडी गरम व्हायलीय ना, काढून टाका" हा आपल्याकडचा रामबाण उपाय. त्याने दुखणं जात नाही, वर इंजिन सकाळी गरम व्हायलाच वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. नवा आणला ६५० चा, बसवण्याआधी तपासला. आईचं दुधाचं पातेलं घेतलं, पाण्यात दोऱ्याने थर्मोस्टॅट लटकवला, मल्टीमीटरची टेंपरेचरची वायर सोडली आणि गॅस लावला. ७७-७८ ला मधली चकती हळूच उचलायला लागली, नव्वदीपर्यंत पूर्ण उघडी. आई म्हणाली आता ते पातेलं तूच ठेव. म्हणजे पातेल्याचे ४०० पण धरा.

इंजिन ब्लॉकमध्ये पाणी भरून चालवून सोडायचं, असं तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं. शेवटी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. भरताना हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, फॅन दोनदा लागेपर्यंत चालवायचं, नाहीतर आत हवा अडकते. मी पहिल्यांदा घाई केली, एका चकरेत परत काटा वर. दुसऱ्यांदा नीट केलं. आता मोंढ्याच्या गर्दीत, एसी लावून, काटा अर्ध्याच्या खाली.

सगळं धरून ७,९०० च्या आसपास. यात दिसण्यासारखं काहीही नाही, मित्रांना बॉनेट उघडून दाखवलं तर ते सायलेन्सरच बघत होते.

६ एप्रिल, रामनवमी

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा पट्टा. आधीच्या मालकाला कधी बदलला ते माहीत नाही, मग तो बदललेलाच नाही असं समजायचं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, पुढचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. बेल्ट, टेन्शनर बेअरिंग आणि वॉटर पंप (तो याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे परत खोलण्यापेक्षा आत्ताच) असं मिळून ६,२००.

अख्खा दिवस एका बोल्टने खाल्ला. क्रँक पुलीचा बोल्ट. गोटी पाना आणि चार फुटी पाइप लावून मी लटकलो, उस्तादांचा पोरगा लटकला, पुली बोल्टसकट फिरायची पण बोल्ट काही सुटेना. पुलीच्या मध्ये षटकोनी खाच असते तिच्यात बसणारं होल्डर लागतं, ते इथं कुणाकडं नाही. शेवटी लेथवाल्याकडे जाऊन ५० मिलिमीटरचा षटकोन करून घेतला, मध्ये गोटी जाईल एवढं भोक, बाजूला पट्टी वेल्ड केलेली, ६०० रुपये. दुसऱ्या दिवशी ते लावलं, बंदुकीसारखा ठाप आवाज आला आणि बोल्ट सुटला. होल्डर माझ्याकडे आहे, बीडमध्ये कुणाला लागलं तर घेऊन जा.

दुसरं म्हणजे हे इंजिन उलटं फिरतं. पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट. उस्तादांच्या हाताला मारुतीची सवय, त्यांनी सवयीने सुलट फिरवायला घेतलं, मी ओरडलो. खूण जुळवून बेल्ट चढवला की टेन्शनरचा बोल्ट ढिला ठेवून क्रँक उलट्या दिशेने, वरच्या पुलीचे तीन दात सरकेपर्यंत फिरवायचा आणि मग बोल्ट आवळायचा, म्हणजे ताण आपोआप बरोबर बसतो. उस्ताद दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "चाळीस साल हो गए, अब तुम सिखाओ." चहा मी पाजला.

त्याच दिवशी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, पण केले, इंजिन थंड असताना. इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर. एक्झॉस्टचे दोन एकदम आवळलेले होते. आता आयडलिंगला गाडी उभ्या उभ्या थरथरत नाही.

चूक : कॅम आणि क्रँकचे ऑइल सील बदलले नाहीत. ओले दिसत नव्हते. ६४० रुपये वाचवले.

२२ ते २७ एप्रिल

पारा बेचाळीसच्या पुढे. दुपारी दुकानातून निघालो, चावी फिरवली, स्टार्टर फिरतो पण गाडी घेत नाही. संध्याकाळी सहाला एका सेल्फमध्ये चालू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात बंद, छोटा हत्तीला टोचन करून गॅरेजला नेली (७००). सगळ्यांचं एकमत झालं की पेट्रोल पंप गेला. नवा पंप टाकला, ३,४०० अधिक मजुरी ५००. दोन दिवस मस्त. तिसऱ्या दिवशी दुपारी परत तेच नाटक. ते दोन दिवस आभाळ होतं, हे नंतर लक्षात आलं.

मग जरा डोकं लावलं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण येते, तो पंप प्रेशर भरत असतो. दुपारी बंद पडली तेव्हा ती गुणगुण येतच नव्हती. चारही काचा खाली करून दहा मिनिटं सावलीत ठेवली, आली. म्हणजे केबिनमध्ये तापणारं काहीतरी. डॅशबोर्डच्या खालचा मेन रिले, पंपाला करंट देणारा.

तो काढून सुभाष रोडला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने झाकण उघडून भिंग दिलं. पट्टीवर सोल्डरचे दहाएक ठिपके, त्यातल्या दोन जाड पिनांभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. नुसत्या डोळ्याने दिसतच नाही. तेवीस उन्हाळे तापून-थंड होऊन सोल्डर पिनपासून सुटलेला, गरम झालं की फट उघडते, थंड झालं की टेकते. त्याने जुना सोल्डर ओढून घेऊन नवा भरला, पाच मिनिटं. किती झाले म्हणलं, तर म्हणाला, "द्या पन्नास."

पन्नास रुपये. पंपाचे ३,९००, टोचनचे ७००, आणि दुकान बंद ठेवलेल्या तीन दुपारी वेगळ्याच. जुना पंप डिकीत आहे, चांगला आहे तो.

१८ मे

मे महिन्यात जुलैसारखा पाऊस. आणि बेल्ट कव्हरच्या खालून तेल. कॅमचा सील. बहुतेक आधीपासून काठावर होता, आम्ही खोलाखोलीत धक्का लावला. नव्या बेल्टला तेल लागलेलं, तेल पिलेला बेल्ट परत वापरायचा नसतो. नवा बेल्ट १,९००, मजुरी परत २,०००, सील ६४०. तेव्हा वाचवलेले ६४० मला ३,९०० ला पडले. डिस्ट्रिब्युटरच्या मागची ओ-रिंग पण बदलली, ८० रुपये, गिअरबॉक्सवर जे तेल ओघळत होतं ते इथूनच.

जून

पेरण्या. दुकानातून मान वर करायला वेळ नाही. गाडी ताडपत्रीखाली, तेवढ्यात उंदरांनी इंजेक्टरची एक वायर खाल्ली. तिची जोडणी केली, बाकी काही नाही.

१३ जुलै

ब्रेक. हे खरं तर फेब्रुवारीतच करायला पाहिजे होतं. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं, म्हणजे वर्षानुवर्षं बदललेलं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं, मांजरसुंब्याला झालं ते हेच. उजव्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) स्लायडर पिन गंजून बसली होती, त्यामुळे एकच पॅड घासत होता : एक दोन मिलिमीटर, दुसरा जवळजवळ नवा. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर ओले.

पॅड, दोन व्हील सिलिंडर, पिनांचं रबर किट, डॉट ४ ऑइल, चारही रबरी ब्रेक होस मिळून ५,६०० आणि डिस्क लेथवर साफ करायचे ५००. मोठे डिस्क, रंगवलेले कॅलिपर वगैरे काही नाही. मुलगा पेडल दाबायला बसला, "दाब... धर... सोड", तासभर. पोराचा पाय दुखला, पण घाटात आता पेडल दगडासारखं.

२७ जुलै

टायरची नक्षी भरपूर होती म्हणून आधीच्या मालकाला कौतुक. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, शेवटचे चार. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. दहा वर्षांचे टायर. रबर नखाने दाबलं तर दबत नाही. कंपनीच्या साइजचेच चार नवे घेतले, १७,२००, सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच. पंधरा इंची अलॉयची फार इच्छा होती. पण आपल्याकडच्या खड्ड्यात पातळ टायर आणि जड चाक म्हणजे दर महिन्याला रिम सरळ करायला जायचं.

लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) रबरी बुश आणि लिंक रॉड पण बदलले, ३,८००. शॉकअप पुढचे दोनच बदलले, ५,४००. ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी वळणात विचारल्यासारखी वळली.

१० ऑगस्ट

बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास. इंजिनजवळचा पेट्रोल होस फुगून मऊ झालेला, चिमटीत दाबला की बारीक भेगा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००२ चं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ऊस आमचाच, कारखाने आमचेच, फुगले तेही आमचेच पाइप. टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालेल असे आणि फ्युएल इंजेक्शनच्या प्रेशरचे घेतले, नव्या क्लिपा, नवा फिल्टर, २,१५०. साधा कार्बोरेटरचा होस लावू नका, तो प्रेशरने निसटतो, आणि खाली गरम इंजिन आहे.

गिअरबॉक्समधून ९० नंबरचं काळं ऑइल निघालं. हा बॉक्स पातळ ऑइलचा आहे, त्यात जाड घातलं की थंडीत सकाळी दुसरा गिअर कुरकुरत पडतो. मी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून आत असलेल्या रिंगा) गेले समजून बॉक्स उतरवायच्या बेतात होतो. बरोबर ग्रेडचं दोन लिटरपेक्षा जरा कमी गेलं, १,४००. आठवड्यात कुरकुर गेली.

२४ ऑगस्ट

पोळा परवाच झाला, आज आमच्या बैलाचा नंबर. पाच हजाराच्या पुढे काहीच होत नाही, हे फेब्रुवारीपासूनचं दुखणं. परवा जोरात पळवली तेव्हा चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणून बसलो.

डॅशबोर्डखाली दोन पिनांचा रिकामा कनेक्टर असतो, त्यात वायरचा तुकडा घालून चावी ऑन केली की दिवा मिचकावतो. लांब मिचकी म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. मोजलं : दोन लांब, दोन छोट्या. २२. व्हीटेकचं ऑइल प्रेशर येत नाही. स्कॅनर नाही, काही नाही, मला हा प्रकार फार आवडला.

हेडच्या बाजूचा सोलेनॉइड, म्हणजे व्हीटेकला तेल सोडणारी विजेवरची झडप, तीन बोल्टवर असतो. काढला. खालच्या गॅस्केटला बारीक जाळी, आणि जाळीत करड्या सिलिकॉनचे तुकडे, उडदाच्या डाळीएवढे, सात-आठ. कधीतरी कुणीतरी गॅस्केटच्या जागी हातभर सिलिकॉन लावलं, ते आत सुटलं आणि तेलाबरोबर फिरत येऊन इथं अडकलं. तेल या जाळीतून गेल्याशिवाय रॉकरमधल्या पिना सरकत नाहीत आणि मोठा कॅम लागतच नाही. जाळी साफ, नवं गॅस्केट ४५०. आधीच्या मालकाचं २०डब्ल्यू-५० काढून १०डब्ल्यू-३० घातलं, नवा फिल्टर, २,२००.

रात्री नऊला बायपासला नेली. तिसरा गिअर, साडेचार हजार, पाच... आणि आला. तो सूर. मुलगा शेजारी बसला होता, म्हणाला, "पप्पा, काय झालं?" मी काही बोललो नाही, परत एकदा केलं.

सहा महिने मी ४५० रुपयाचं गॅस्केट आणि एका मिचकीच्या अंतरावर होतो, आणि ९,३०० चा फिल्टर-सायलेन्सर लावून बसलो होतो. सायलेन्सर विकला गेला, २,०००.

७ सप्टेंबर

हेडलाइट. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बच्या पिनेवर १०.८. बाकीचे जुन्या स्विचमध्ये आणि वायरीत मुरतात. दोन रिले, बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, नवीन अर्थिंग, ९०० रुपये, दीड तास. आता पिनेवर १२.३. बल्ब तेच ५५/६० वॅटचे. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, त्यांच्यासाठी हे पाहिजेच होतं. समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे बल्ब लावायची गरज पडली नाही.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

आज बीडला रेल्वे आली. अख्खं गाव स्टेशनकडे, अण्णांना सकाळी तिकडे सोडलं, चाळीस वर्षं ऐकत होतो येणार येणार म्हणून. परत येताना रस्ते मोकळे. मांजरसुंब्यापर्यंत जाऊन आलो, चढताना काटा हलला नाही, उतरताना ब्रेक पेडल मऊ पडलं नाही. अण्णांना घ्यायला गेलो तर म्हणाले, "रेल्वे बरी आहे, पण सीट हिची चांगली आहे." म्हशीचा विषय निघाला नाही.

२८ सप्टेंबर

गेला आठवडाभर पाऊस असा की दुकानात येणारा माणूस बियाणं विचारत नाही, नुसता बसून राहतो. नदीकाठची सोयाबीन पाण्याखाली. गाडीचं बोलावंसं वाटत नाही, पण नोंद ठेवायची म्हणून.

पुढून डाव्या बाजूला टक-टक. खाली बघितलं तर जुलैत टाकलेला लोअर आर्मचा बुश फाटलेला, दोन महिन्यात. माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, उस्तादांनी थांबवलं. आम्ही बोल्ट आवळला तेव्हा गाडी जॅकवर होती, चाक लटकलेलं. रबर त्याच अवस्थेत घट्ट झालं, गाडी जमिनीवर टेकली की बुशला कायमचा पीळ, प्रत्येक खड्ड्यात आणखी. बोल्ट हाताने लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसवायची, आणि मग आवळायचा.

बुश परत मागवलेत, १,१०० ची जोडी. उजवा अजून शाबूत आहे पण तोही तसाच आवळलेला, त्यामुळे दोन्ही बदलणार. पाऊस उघडला की.